आज व्हॅन येणार नाही

मिस्त्री : ...पहार टायरखाली घातलीय. मी उचलतो, ताई, तुम्ही चाकाच्या आत बघा. काय दिसतंय?

वहिनी : चाक वर जातंय, पण खालचा आर्म, तो लोखंडी दांडा, जागच्या जागीच. मधला तो गोळा डुगडुगतोय, पडायला आलेल्या दातासारखा.

मिस्त्री : तोच बॉल जॉइंट. चाकाला गाडीशी धरून ठेवणारा सांधा. रबर फाटलंय, ग्रीस वाळलंय, आत नुसती माती.

भावजी : झालं का तुमचं दोघांचं? शाळा सुटायला आली. वहिनी, बसा गाडीत. टक् टक् वाजतं म्हणून व्हॅन उभी करायची? माझे गुडघे रोज वाजतात.

वहिनी : तुमच्या गुडघ्यांवर शाळेची पोरं बसत नाहीत, भावजी.

मिस्त्री : शेठ, हा सांधा निखळला तर चाक आडवं पडतं. मग स्टिअरिंग नुसतं हातात राहतं, ऐकत कुणाचंच नाही.

भावजी : ‘तर’! तुम्हा मिस्त्री लोकांचं दुकानच ‘तर’वर चालतं. ग्रीस मार आणि सोड. सुट्टी लागली की बदलू.

मिस्त्री : फाटक्या रबरात ग्रीस म्हणजे चाळणीत पाणी.

भावजी : मग राहू दे तेही. वहिनी, किल्ली द्या. मीच नेतो.

वहिनी : नाही देणार.

भावजी : गाडी कुणाची आहे?

वहिनी : तुमची. पण पोरं त्यांच्या आईबापांची, आणि बसतात माझ्या भरवशावर.

भावजी : दादा गेल्यावर हे स्टिअरिंग तुमच्या हातात कुणी दिलं?

वहिनी : तुम्हीच. सगळं घर नाक मुरडत होतं, तेव्हा तुम्ही एकटे म्हणालात, वहिनी चालवतील. विसरले नाही मी ते. म्हणून तर आवाज आल्या दिवसापासून तुमच्या मागे लागलेय. टायर आतल्या अंगाने खाल्ला गेलाय, तोही दाखवला. तुम्ही म्हणालात, हवा भरा.

भावजी : फार बोलताय. उद्यापासून गाडीला हात लावायचा नाही. काढलं तुम्हाला कामावरून.

वहिनी : मला काढा. पण आधी ते चाक काढा. मिस्त्री, थांबलात का? घ्या पाना.

भावजी : आणि पोरांच्या आया दारात वाट बघत बसतील, त्यांना मी काय तोंड दाखवू?

वहिनी : तुमचं नका दाखवू. माझं दाखवते. (फोन लावून) हॅलो, व्हॅनवाल्या मावशी बोलतेय. आज व्हॅन येणार नाही. बिघडलीय... नाही हो, अपघात नाही. तो होऊ नये म्हणूनच थांबवलीय. ओरडा तुम्ही, ऐकून घेते. पण पोराला न्यायला या, आणि बाकीच्यांनाही तेवढं कळवा. शाळेच्या शिपाईकाकांना लगेच फोन करून सांगते, घरचं माणूस आल्याशिवाय एकालाही फाटकाबाहेर सोडणार नाहीत.

भावजी : केलंत ना मनासारखं!

वहिनी : केलं.

मिस्त्री : पिन निघाली, नटही सुटला. बाजूला व्हा, हातोडा मारतो. ...लई चिवट बसलंय.

वहिनी : मारा अजून.

मिस्त्री : सुटला! शेठ, धरा जरा.

भावजी : मला कशाला देतोस ते... अरे! गोळा खोबणीतून बाहेरच आला.

मिस्त्री : नुसत्या हाताने आला. ओढलाही नाही मी.

वहिनी : भावजी? बसा त्या स्टुलावर. घाम फुटलाय तुम्हाला.

भावजी : सकाळी... पुलाचा उतार कसा उतरलात?

वहिनी : जीव मुठीत धरून. पोरं मागून ओरडतात, मावशी, गोगलगाय झाली आपली गाडी. म्हटलं, असू दे.

भावजी : मिस्त्री, दुसऱ्या बाजूचाही बघ.

मिस्त्री : तो अजून थोडे दिवस काढेल.

वहिनी : थोडे दिवस नकोत. तोही नवा बसवा, आणि मग चाकांची अलाइनमेंट करून घ्या.

भावजी : वहिनी, मघाशी मी रागाच्या भरात...

वहिनी : मी रागात नव्हते. उद्या पुन्हा असा आवाज आला तर पुन्हा हेच करीन. चालत असेल तर सकाळी येते.

भावजी : आणि नाही चालत म्हणालो तर?

वहिनी : तर दुसऱ्या कुणाची गाडी चालवीन. मला आता गाडी येते, भावजी. ते काही तुम्हाला परत काढून घेता येणार नाही.

मिस्त्री : ताई, फोन वाजतोय तुमचा. कधीचा वाजतोय.

वहिनी : असेल कुणीतरी तापलेलं. थांबा, हात पुसते.

भावजी : राहू द्या, ग्रीस लागेल. आणा इकडे. ...हॅलो. हो, मालक बोलतोय. नाही, व्हॅन मी नाही थांबवली, आमच्या वहिनींनी थांबवली. ...नाही, त्यांना नाही देत फोन. काय बोलायचं ते मला बोला.