बापाला मुलं किती

(ब्रह्मपुत्रेचा घाट. आयतुन आणि तिचा धाकटा भाऊ कुरपान नागरिकत्वाच्या सुनावणीहून चरावरच्या, म्हणजे नदीतल्या बेटावरच्या, गावाला परत निघालेत. होडी माणसांनी भरायची अजून बाकी आहे.)

कुरपान : शिव्या दे बुबू, पण बोल काहीतरी.

आयतुन : काय बोलू? साहेबानं विचारलं, तुझ्या बापाला मुलं किती. तू म्हणालास, चार.

कुरपान : तोंडातून निघून गेलं गं. आपल्यात लग्न झालेल्या पोरी कोण मोजतं? बाबाही चारच सांगायचे.

आयतुन : बाबा बाजारात सांगायचे. तू साहेबासमोर सांगितलंस.

कुरपान : लगेच म्हटलं की मी, ही माझी थोरली बहीण, हिनंच मला कडेवर वाढवलं.

आयतुन : साहेब हसला. म्हणाला, बरी आठवली आता. आणि लिहिलं, बाई परकी आहे.

कुरपान : बाबांचं नाव, आज्याचं नाव, जुन्या मतदार यादीतला नंबर, सगळं पाठ होतं माझं. हे विचारतील असं वाटलंच नाही.

आयतुन : चौदाव्या वर्षी मला उजवलं. यादीत नाव लागलं ते थेट नवऱ्याच्या गावी. मी बाबांची लेक, याला कागद कुठला? माझा कागद तूच होतास, कुरपान.

कुरपान : असं नको ना बोलूस. परवा मतदान आहे. आपला हारेज मियाँ उभा आहे, आपल्यातलाच माणूस. निवडून आला तर बोलेल तुझ्यासाठी.

आयतुन : जाऊन आले त्याच्याकडे. म्हणाला, चाची, तुमची बाजू घेतली तर मलाच घुसखोरांचा पुढारी म्हणतील. आधी निवडून तर येऊ द्या.

कुरपान : गेल्या खेपेलाही हेच म्हणाला होता.

आयतुन : गेल्या खेपेला मला मत होतं, यादीत नावापुढे संशयित लागलं नव्हतं. बसवून चहा पाजला होता. या वेळी बस म्हणालासुद्धा नाही.

कुरपान : वरच्या कोर्टात जाऊ. बैल विकतो मी.

आयतुन : बैल राहू दे, पेरणी तोंडावर आलीय. मी परकी, म्हणजे आता माझ्या पोरांना बोलावतील.

कुरपान : मी येईन साक्षीला.

आयतुन : तू नको येऊस.

कुरपान : बुबू...

आयतुन : पोरांना पढवून ठेवलंय, आईचं विचारलं तर म्हणायचं, लहानपणीच वारली, आम्हाला काही माहीत नाही. बापाचे कागद धड आहेत. त्यांची मतं तरी राहतील.

कुरपान : पोरं नाही म्हणायची असं.

आयतुन : म्हणतात. धाकटीला आधी रडू यायचं. आता न अडखळता म्हणते.