डावी मूठ

मनकर्णा औषधाची रिकामी बाटली मांडीवर घेऊन ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात ओळीत बसली होती. पोट दुखत होतं, पण कान शाबूत होते. मागं मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या दोन जावा बसल्या होत्या, थोरली सुगंधाबाई आणि धाकटी गिरजा. आधी थोरलीच बोलली.

"गोळी घेतं ना रोज?"

"घेतो, बाई. झोप लागते. पण उठलो का जीव घाबरतेच."

"म्हणून तं डॉक्टरनं आंग ढिलं सोडाले शिकवलं. करतं का ते?"

"करतो ना. आडवी पडून पाय आवळतो, मंग सोडतो. खांदे आवळतो, सोडतो. जरा बरं वाटते."

"अन् मुठी?"

"उजवी सोडतो."

"डावी काऊन नाई?"

"बाई, त्या दिवशी तलावात उजव्या हातात जाळं होतं. डाव्या हातात माह्या पोरीचा, चंदाचा हात होता."

मनकर्णानं मागं वळून पाहिलं नाही.

"मले ठाऊक हाये, गिरजा."

"घरी जाळंच आलं."

"डॉक्टरले सांगतलं हे?"

"त्यानं इचारलं नाई."

"मंग आज मी सांगतो."

"नोको, बाई. मंग तो डावीबी सोडाले लावन."