राखी नराची पाळी

नुसता नर नाही मिळायचा, काका — शुक्रवारच्या कबुतरांच्या बाजारात जा, हवे तेवढे नर मिळतील. हा राखी नर अंड्यांवर आहे सध्या. म्हणजे आत्ता मादी बसलीय, पण दुपारची पाळी त्याची. ठाऊक नव्हतं तुम्हाला? ऊन चढलं की आत शिरतो, तिला खांद्याने ढकलतो — ऊठ, जा, दाणे खा — आणि उन्हं उतरेपर्यंत हलत नाही. पिल्लं झाली की दूधसुद्धा पाजतो, हो, नरच, गळ्यातल्या थैलीतून. हसू नका. बसा ना त्या कट्ट्यावर, घाई काय आहे. चहा सांगितला असता, पण खाली सासूबाई आहेत, आणि मी सध्या खाली काही सांगत नाही.

लेक झालीय ना. महिना होत आला. शहद नाव ठेवलं. अल्ला तुमचंही भलं करो. मी बिस्किटांच्या कारखान्यात आहे, पुलापलीकडे — तिथे बापाला एक दिवसाची भरपगारी रजा आणि खजुराच्या बिस्किटांचा एक डबा. एक दिवस, काका. बाप म्हणजे काय पाहुणा आहे घरातला? भांडलो फोरमनशी. म्हटलं, घरी माझी गरज आहे — आणि साठवलेली सगळी रजा एकदम काढली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, बाप असावा तर सबरीसारखा म्हणाले. तर ती रजा चाललीय. इथे, गच्चीवर. म्हणजे विक्री चाललीय हो — दालिया म्हणाली, बायको माझी, पिसांची धूळ बाळाच्या छातीत जाईल, काढून टाक ढाबळ. काढतो म्हटलं. पण असं कुणाच्याही पदरात थोडंच टाकता येतं? माणूस पारखायला नको? परवा एकजण आला, त्याला पाण्याचं भांडं कुठे ठेवायचं ते माहीत नव्हतं, परत पाठवला. त्याच्या आधीचे दोघेही तसेच. तुम्ही बरे वाटता. पण नर नाही.

लोक छंद म्हणतात. म्हणू देत. हे हात बघा — अंधारातसुद्धा कबुतर धरीन, पाय दोन बोटांच्या बेचक्यात, अंगठा पाठीवर, पंख मिटलेले, फडफड नाही की ओरखडा नाही. शिकलेत हात. जरा जास्तच शिकलेत. इस्पितळात सासूबाईंनी लेक हातात दिली, आणि मी — हे तुम्हाला कशाला सांगतोय कोण जाणे — मी तशीच धरली तिला. पाय बेचक्यात, अंगठा पाठीवर. हातांनीच केलं, मला कळलंसुद्धा नाही. सासूबाई म्हणाल्या, "कबुतर आहे का ते? दे इकडे." सगळी खोली हसली. नर्स हसली. दालियाचे टाके दुखत होते तरी ती हसली. मीही हसलो. मग सातव्या दिवशीच्या सोहळ्यात बाळाला चाळणीत ठेवून कानाशी खलबत्ता कुटतात ना — आईचं ऐक, बापाचं ऐकू नकोस, म्हणत — तो मी इथूनच ऐकला. पाहुण्यांना सांगितलं, ससाणा घिरट्या घालतोय, थव्याजवळ थांबायला हवं. ससाणा-बिसाणा काही नव्हता.

इस्पितळातल्या त्या दिवसापासून घेतलंच नाही तिला. भीती वाटते, काका. कबुतराला निदान चोच असते, चुकलं की टोचून सांगतं. ही काय सांगणार?

शिरला बघा राखी आत. बघा कसा रेटतोय तिला — ती ऐकत नाहीये — उठली. बसला. याला काय, जन्मतः येतं, असं वाटतं ना? पहिल्या खेपेला याने अंडं फोडलं होतं, पाय पडला वेड्याचा. मी म्हटलं, गेलं, आता हा काही बसत नाही. दुसऱ्या खेपेला मादीच्या आधी हाच येऊन बसला.

रडतेय शहद. ऐकू येतं ना? जिन्यातून सरळ वर येतं. आता दालिया हाक मारेल — सबरी, जरा ये रे. रोज मारते. मी म्हणतो, गिऱ्हाईक आहे. थांबा हं, मारेलच आता.

मारत कशी नाही?

नाही मारली.

काका, त्या डब्यात मका आहे, मादीला मूठभर टाका, भुकेली असेल. आणि उद्या या, नाहीतर नका येऊ, जोडी काही द्यायची नाही मला. नाही, तुम्ही नका आधी — जिन्यातून बाजूला व्हा जरा. मला उतरू द्या.