न सांगता वापरलेला खण

बसस्थानकाच्या बाकावर माझ्या शेजारी एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी बसले होते. लॅपटॉपमध्ये डोकं घातलेली मुलगी एकदम ओरडली, "सापडली!"

"चूक ना? दोन दिवसांसाठी घरी आलीस, ते दोन्ही तिच्याच मागे गेले. होतं तरी काय एवढं?"

"बाबा, आम्ही लिहितो ते कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवतो. मी मध्येच चार ओळी थेट मशीनच्या भाषेत लिहिल्या."

"म्हणजे त्याच्या कामात लुडबुड."

"हो. आकडे ठेवायला मशीनमध्ये मोजके खण असतात. मी त्यातला एक वापरला आणि कंपायलरला सांगायचं विसरले. त्याने तिथेच आपला आकडा ठेवला होता, तो पुसला गेला."

"त्याला दिसलं नाही?"

"माझ्या ओळींत तो डोकावत नाही. वापरलेल्या खणांची मी देईन त्या यादीवर विसंबतो."

"माझ्यासारख्या मास्तराची मुलगी, आणि यादी अर्धवट! मग इतके दिवस कसं चाललं?"

"तेव्हा तो खणांत आकडे फार वेळ ठेवत नव्हता. मी त्याला वेग वाढवायला सांगितलं, तसा ठेवायला लागला."

"आता उपाय?"

"यादीत त्या खणाचं नाव घालायचं. एकच शब्द."

"एका शब्दासाठी निघालीस? ऑफिसात कुणाला तरी फोनवर सांग की."

"सांगता येईल. पण बाबा, आता चारची बस..."

"सहालाही आहे. उद्या सकाळी सातलाही आहे. मघाशी तू पाणी आणायला गेलीस ना, तेव्हा चौकशीच्या खिडकीवर विचारून आलो."