तिसऱ्या प्रकरणातला ताप

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून बसवलेल्या निवृत्त पोस्टमास्तरांचे डोळे मिटलेले होते, कान मात्र टक्क उघडे होते. शेजारी एक मावशी आपल्या कादंबरीकार भाच्याला फैलावर घेत होती.

“तिसऱ्या प्रकरणात मला तापानं मारलंस?”

“मावशी, स्थलांतराची कादंबरी आहे. कुणीतरी मेल्याशिवाय भागत नाही.”

“अरे, गाव सुटलं तेव्हा शिलाईचं मशीन डोक्यावर घेऊन मी चालले होते!”

“ते आता आई आणते.”

“तुझी आई? तिला स्वतःची पर्स जड होते!”

“वाचकांना खचून पुन्हा उभी राहणारी बाई लागते गं. तू खचलीच नाहीस.”

“खचायला सवड कुठे होती? ते काही नाही, मला जिवंत कर.”

“मग आईला मारू?”

“खुशाल मार.”

“पोस्टमास्तर, आत चला,” नर्सनं हाक मारली.

“पुढच्याला घ्या हो!”

“आई काय म्हणेल, मावशी?”

“काही म्हणत नाही. तुझं लिहिलेलं ती कुठे वाचते? घरात वाचणारी मी एकटीच आहे.”

भाच्यानं फोन लावला.

“हॅलो, छापखाना? तिसरं प्रकरण थांबवा. ताप उतरतोय.”