चोरानं लावलेले टायर

हसायचं तर हसा, पण विम्याच्या त्या साहेबांचा हिशेब मला आजही कळलेला नाही.

आमची जुनी गाडी मोहाडीच्या बाजारातून चोरीला गेली आणि काही दिवसांनी आंबागडच्या जंगलाजवळ पोलिसांना सापडली. बायकोच्या बाजूचं दार चेपलेलं होतं, ते लागतच नव्हतं. तिला डोळ्यांच्या इलाजासाठी याच गाडीतून भंडाऱ्याला न्यायचो. म्हणून दाराचा खर्च तरी विम्यातून मिळावा, एवढीच आशा होती.

साहेब आले, गाडीभोवती फिरले आणि वाकून चाकं पाहत राहिले.

“काकाजी, टायर नवे दिसतात. बॅटरीही नवी आहे.”

“माझे तर घासलेले होते, साहेब. हे चोरानं लावले असतीन.”

“म्हणजे गाडीची किंमत वाढली. तेवढे पैसे नुकसानीतून कापावे लागतील. मग दाराचं काही उरत नाही.”

“पण टायर तर चोराचे हायेत ना?”

“गाडी तुमची, म्हणजे टायर तुमचे.”

“मंग दार कोणाचं?”

“दारही तुमचंच.”

“मंग त्याचे पैसे काहून नाही?”

ते पुन्हा पहिल्यापासून समजावू लागले. मी मान हलवत होतो, पण डोक्यात काहीच शिरत नव्हतं.

बायको ओट्यावर बसून सारं ऐकत होती. ती म्हणाली, “अवो, साहेबासंग कायले भांडून राहिले? गाडी बाहेरच ठेवा, किल्ली आतच राहू द्या. टायर चोरानं लावले, बॅटरी लावली. दार तेवढं राहिलं, तेही तोच करून देईन.”