बिनअपघाताच्या वर्षाचं जॅकेट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, या गोदामाचे व्यवस्थापक हार्ग्रीव्हसाहेब, व्यासपीठावरच्या युनियनच्या अध्यक्षा ओलेनाताई, आणि माझ्या नवऱ्याबरोबर उभं आयुष्य राबलेल्या ब्रँडन गावच्या मंडळींनो,

सत्कारमूर्तीनं दोन शब्द बोलावेत, अशी रीत. पण वेंडेलनं वाक्य सुरू केलं, की त्याला आता त्याचा शेवट सापडत नाही. म्हणून त्याची बायको, मी लॉरेन, इथे उभी आहे. साहेब, त्याच्या कष्टाळूपणाबद्दल आपण फार छान बोललात. निवृत्तीचं कारण मात्र 'प्रकृती' सांगितलंत. प्रकृतीला काय धाड भरली होती हो त्याच्या? नळांचं खोकं पडलं डोक्यावर!

फळ्यांच्या पलीकडच्या गल्लीतून फोर्कलिफ्टनं वरच्या फळीवर माल रेटला, की अलीकडचं खोकं खाली येतं, हे इथे कुणाला ठाऊक नाही? फळ्यांच्या मागे जाळी बसवा, म्हणून तुम्ही कामगार दरवर्षी ओरडता. जाळी आली नाही, जॅकेटं आली. वर्षभर अपघात झाला नाही तर सगळ्यांना जॅकेट. एकानं जरी इजा नोंदवली, तर कुणालाच नाही. शोभून दिसताहेत हो तुम्हाला, खरंच.

खोकं पडलं तेव्हा वर्ष संपत आलं होतं. त्याच्या जोडीला काम करणारा गार्थ त्याला म्हणाला, "अरे, दवाखान्यात जा की!"

"गप रे! एवढ्याशा टेंगळापायी सगळ्यांच्या जॅकेटवर पाणी सोडू होय?"

तुम्ही हसलात. कुणीतरी गोठलेल्या मटारची पिशवी त्याच्या डोक्यावर ठेवली. घरी आला, जेवला नाही. "डोकं ठणकतंय गं. पण कुठं बोलू नकोस, पोरांचं नुकसान होईल." सकाळी तो उठेना. आत रक्त साकळत गेलं होतं. वेळेत आणायला हवं होतं, म्हणाले डॉक्टर.

आता कंपनी म्हणते, तो घरीच पडला असेल. मी रागावू तरी कुणावर? तुमच्यावर? तुमच्यासाठीच तर तो गप्प बसला. मघाशी येताना बघून आले, जाळी अजून नाहीच. ती बसेल अशी आशाही मला उरलेली नाही.

असो. केक सुंदर होता, भेट दिलेलं भिंतीवरचं घड्याळही. आपण सगळे आलात, मी मनापासून आभारी आहे. बोलताना तोल गेला असेल तर एका थकलेल्या बाईला क्षमा करा.

एकच विनंती. आज निरोप कुणाचा आहे, हे त्याला उमगलेलं नाही. मघापासून तोही टाळ्या वाजवतोय. सुट्टी संपली की कामावर जायचं, एवढंच त्याच्या डोक्यात आहे. हात मिळवायला याल तेव्हा निरोपाचं काही बोलू नका. "सोमवारी भेटू," एवढंच म्हणा.